मार्च-एप्रिलातली गोवा धावसहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीत राहणाऱ्याला फाल्गुन लागला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या शिमग्याचे ढोल. दुसरी, पुण्या-कोल्हापुराकडून येणारा फोन : "मुलांच्या परीक्षा संपल्या, चार-पाच दिवस गाडी काढतोय. तंबू घेतलेत, ट्रेल शूज घेतलेत. कुठे पळू?" दर वर्षी तीच उत्तरे देऊन घसा सुकतो, म्हणून एकदाची लिहून काढली. कॅसिनो, क्रूझ आणि कुठल्या शॅकवर कुठला डीजे, याची माहिती इथे मिळणार नाही.

मार्चमध्ये गोव्यात पळता येते का? उकाड्याने जीव जाईल ना?

पळता येते, फक्त घड्याळ बदलावे लागते. दुपारी पारा ३२-३४ अंशांवर असतो. पुणेकराला हा आकडा किरकोळ वाटतो आणि तिथेच तो फसतो. त्रास आकड्याचा नाही, दमट हवेचा आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. पुण्यात तुम्ही सहा मिनिटांत किलोमीटर काढत असाल तर इथे सात धरा. चढावर तर चालाच, कोणी हसत नाही.

मार्चअखेरीस सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सहाला, फटफटताना निघायचे आणि साडेआठला बूट काढून कुठल्यातरी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाय सोडून बसायचे. सड्यावर पळणार असाल तर ही वेळ काटेकोर पाळा. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. झाड नाही, सावली नाही, आणि नऊनंतर तो काळा पडलेला दगड भाकरीच्या तव्यासारखा तापतो.

किती दिवस हवेत आणि रस्ता कसा आखावा?

गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर आहे. त्यामुळे लोक समजतात की दोन दिवसांत सगळे उरकेल. उरकते, पण मग पळणे होत नाही, नुसते गाडीत बसणे होते. पाच दिवस ठेवा. माझा आवडता क्रम असा आहे.

पहिला दिवस तिलारीच्या बाजूने दोडामार्गावरून डिचोलीत उतरा आणि जवळच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पहाटे रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा आणि खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, बांधावरून पळा. पायी माणसाला फेरीबोटीचे पैसे पडत नाहीत. बांध सपाट असतो, एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला शेत, मध्येच मानस म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे लाकडी दार. चढ-उतार शून्य, म्हणून पळण्याच्या पहिल्या दिवसाला बरा. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य याच बेटावर आहे. तिथल्या खारफुटीत आवाज करत पळू नका, चाला.

तिसरा दिवस सत्तरीचा. केरीला अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाट चढून वर सुर्ला गावच्या पठारावर जा. समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटर उंची आहे, म्हणजे पणजीपेक्षा चार-पाच अंश गार हवा. मार्चमध्ये सकाळी आठनंतरही पळणे सुसह्य होते अशी गोव्यात मला हीच एक जागा ठाऊक आहे. चौथ्या दिवशी तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर पाहून मोले, तिथून सांग्याला. पुढे रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. बैल आहेत, एक गोल चक्रव्यूह आहे. बूट काढून, कोरीव कामावर पाय न देता बघा. पाचव्या दिवशी करमळ घाट उतरून काणकोण, खोतीगाव आणि संध्याकाळी समुद्र.

नकाशात गाव टाकले आणि भलतीकडेच पोचलो. असे कसे?

तुमची चूक नाही. गोव्यात केरी तीन आहेत : एक पेडण्यात समुद्रकाठी, एक सत्तरीत घाटाखाली, एक फोंड्यात. सुर्लाही एक नाही. सत्तरीतले पठारावरचे सुर्ला, डिचोली तालुक्यातले सुर्ला आणि मंदिराचे तांबडी सुर्ला. आमच्याच एका मित्राने गेल्या साली पहाटे पावणेसहाला फोन केला, "मी केरीला पोचलो, तुम्ही कुठे आहात?" मागून लाटांचा आवाज येत होता. आम्ही धरणावर उभे होतो. गावाबरोबर तालुका टाका, आणि शेवटच्या वळणावर माणसाला विचारा.

अभयारण्यात पळायला परवानगी लागते का?

लागते. गोव्याच्या पूर्व सीमेवर म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये जवळजवळ सलग पसरली आहेत. केळघाटासारख्या जुन्या घाटवाटा, ज्यांवरून मिठाच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे वर जात, त्यांतल्या बऱ्याच आता याच जंगलातून जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवाना हवा. फाटकावर तिकीट काढून ठरलेल्या रस्त्याने फिरणे वेगळे आणि पहाटे सहाला हेडटॉर्च लावून पायवाटेने आत पळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी वन खात्याच्या रेंज कार्यालयात अर्ज द्या, गट किती जणांचा, कुठून कुठे, हे लिहा. गावातला वाटाड्या बरोबर घ्या. खोतीगावात वेळीप समाजाची जुनी वस्ती आहे. तिथला पोरगा चपला घालून तुमच्या पुढे जाईल आणि दमणारही नाही, एवढी तयारी ठेवा.

मार्च २०२३मध्ये म्हादईच्या जंगलात आणि आसपास वणवे पेटले, हवाई दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकावे लागले. तेव्हापासून उन्हाळ्यात वन खाते जास्तच सावध असते. ऐनवेळी "आज प्रवेश बंद" म्हटले तर वाद घालू नका. सड्यावर आणि बांधावर पळायला भरपूर जागा आहे.

देवराईतून पळालो तर चालेल ना? ती काही अभयारण्य नाही.

नाही चालणार. सत्तरीत कितीतरी गावांनी आपली राय राखली आहे. बांबर गावची निरंकाराची राय तर जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, पाण्यातून गुडघ्यासारखी मुळे वर आलेली. तिथे चप्पलही बाहेर काढतात, स्टॉपवॉच कसले लावता?

दूधसागरला रुळांवरून पळत जाता येईल का? व्हिडिओ पाहिलेत.

नाही. रुळांवरून जाणे रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. २०२३च्या पावसाळ्यात शेकडो जणांना रेल्वे पोलिसांनी उतरवून उठाबशा काढायला लावल्या, तेही व्हिडिओ पाहून घ्या. ३१० मीटरचा धबधबा मार्चमध्ये बारीक झालेला असतो. बघायचाच असेल तर कुळ्याहून परवान्याच्या जीपने जा.

तंबू कुठे ठोकायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि याचे उत्तर लोकांना आवडत नाही. गोव्यात मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. ती वन खात्याची असते, कोमुनिदादची म्हणजे गावकीच्या सामाईक मालकीची असते, देवस्थानची असते, नाहीतर कोणा भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. काजूच्या बागेत तर या दिवसांत पहाटेच माणसे बोंडे गोळा करायला येतात. तुम्ही त्यांच्या बोंडांवर तंबू ठोकलेला असेल तर ती तुम्हाला चहा विचारणार नाहीत.

सरळ मार्ग म्हणजे कोणाच्या तरी अंगणात. सत्तरी, सांगे, काणकोणमध्ये कुळागरांत राहायची सोय करणारी घरे आहेत. सुपारी-नारळाखाली तंबू लावू देतात, न्हाणीघर देतात, रात्री जेवण देतात. आधी फोन करा, रक्कम ठरवा, आणि माडाच्या बरोबर खाली तंबू लावू नका. नारळ पडतो तेव्हा सांगून पडत नाही. बोंडला, मोले, खोतीगाव इथे सरकारी निवासाची सोय आहे, ती सुट्ट्यांत लवकर भरते. बोंडला अभयारण्य गुरुवारी बंद असते हे लक्षात ठेवा.

"निसर्गरम्य कॅम्प" अशी पाटी दिसली की मात्र चार प्रश्न विचारा. एका ठिकाणी आम्ही पैसे भरून गेलो, तर कापणी झालेल्या शेतात वीस तंबू ओळीने, कडेला रात्रभर चालणारा जनरेटर आणि एकच संडास. सकाळी पळायला उठायची गरजच पडली नाही, कारण झोपच लागली नव्हती. जनरेटर किती वाजता बंद होतो, संडास किती, पाणी विहिरीचे की टँकरचे, स्पीकर आहे का. चौथ्या प्रश्नाला "पाहिजे तर लावू" असे उत्तर आले तर फोन ठेवा.

आणि किनाऱ्यावर?

किनाऱ्यावर तंबू ठोकू नका, चूल मांडू नका, गाडी तर वाळूत घालूच नका. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे याविरुद्ध २०१९मध्ये कायदा कडक झाला. तेव्हा एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड होता, नंतर तो आणखी वाढला. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात आणि मार्च-एप्रिलात पिल्ले बाहेर येतात. पिल्लू समुद्राकडे जाते ते पाण्यावरच्या उजेडाच्या दिशेने. तुमच्या हेडटॉर्चचा पांढरा झोत पडला की ते उलटे, माडांकडे चालू लागते. गालजीबागला पहाटे पळायचे तर भिजलेल्या वाळूवरून, पाण्याच्या कडेने, टॉर्च बंद करून. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा, ओहोटीला वाळू टणक लागते.

शेकोटी तरी?

नाही. अभयारण्यात आग पेटवणे गुन्हा आहे आणि बाहेरही मार्चमधले सुके गवत एका ठिणगीची वाट बघत असते. यजमानांच्या चुलीजवळ बसा, ती रोज पेटतेच.

माकडताप म्हणजे काय? घाबरायचे कारण आहे का?

घाबरू नका, पण हा परिच्छेद वगळूही नका. क्यासानूर फॉरेस्ट डिसीज हे त्याचे पाठ्यपुस्तकातले नाव. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याच्या बाजूला तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ साली सत्तरीत आला, २०१६मध्ये शेजारच्या दोडामार्गात. विषाणू पसरतो गोचिडींमुळे, आणि नेमका हिवाळा ते मे हाच त्यांचा हंगाम. म्हणजे तुमच्या सुट्टीचाच.

मोठी गोचीड दिसते. त्रास बारक्यांचा, त्या मोहरीहून लहान असतात. मागच्या वर्षी वाळपईजवळ पळून आल्यावर माझ्या मोज्याच्या कडेवर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसले. धूळ म्हणून झटकले, तर त्यातले दोन ठिपके वर चालायला लागले.

करायचे ते एवढेच : लांब मोजे घाला, कीटकरोधक मलम पायांना आणि मोज्यांना लावा. वाटेवर पाचोळ्यात बसू नका. परत आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाका, साबण लावून आंघोळ करा आणि गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे बघा. एकमेकांचे बघा, लाजू नका. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. मेलेले माकड दिसले तर त्या वाटेने पुढे जाऊ नका आणि वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी गेल्यावर आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना सांगा की आपण सत्तरीच्या रानात होतो. पुण्याच्या डॉक्टरांना ते आपणहून सुचणार नाही.

गवा समोर आला तर?

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि सकाळी साडेसहाला वाटेवर त्याचाच हक्क. एकदा वळणावर मी आणि तो पंधरा पावलांवर समोरासमोर आलो. आधी नाकातून हवा सोडल्याचा फुस्स आवाज, मग ओल्या शेणाचा वास आणि त्यानंतर कुठे ते पांढरे पाय दिसले, जणू मोजे घातलेत. थांबायचे, हात न हलवता, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे यायचे आणि त्याला जायला वाट द्यायची. फोटो नाही. पिल्लू बरोबर असेल तर त्या दिवसाचे पळणे तिथेच संपले.

सड्यावर फुरशाकडे लक्ष ठेवा, ते जांभ्याच्या रंगात मिसळून जाते. कुठेही दगडाच्या फटीत हात घालू नका. चावल्यास आवळून बांधू नका, चोखू नका, हातपाय स्थिर ठेवून सरळ इस्पितळ गाठा.

पाणी किती घ्यावे, खावे काय?

तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, तहानेच्या अंदाजाने घोट घोट. नुसते पाणी ढोसत राहिलात तर अंगातले मीठ पातळ होऊन चक्कर येते, म्हणून मीठही हवे. ओआरएसचे पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. मार्चमध्ये बरेच व्हाळ आटतात, नकाशावरच्या निळ्या रेघेच्या भरवशावर निघू नका.

पळण्याआधी नाचण्याचे तिझन, म्हणजे पातळ खीर, गूळ घालून. पोटात जड होत नाही आणि कुठल्याही जेलपेक्षा स्वस्त. पळून आल्यावर गावातल्या हॉटेलात पातळ भाजी-पाव, वर मिरची भजी. दुपारी पेज आणि लोणचे, नाहीतर मासे आणि सोलकढी. प्रोटीन पावडर घरी ठेवा.

हुर्राक?

हंगामच आहे, नाही कसे म्हणू? काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या धारेला हुर्राक मिळतो, तो पुन्हा ऊर्ध्वपातित केला की फेणी. २००९मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तुडवल्यावर उरलेल्या चोथ्यातून निथळणारा गोड नीरो गाडी चालवणाऱ्यालाही चालतो, ताजा असेल तोवर. हुर्राक हलका लागतो आणि उन्हात डोक्यात लवकर जातो. दुसऱ्या दिवशी पळायचे असेल तर एकच ग्लास, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

गाडी इथेच भाड्याने घेतली तर?

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात. आमच्या पाहुण्यांनी अशी घेतली, तिसऱ्या दिवशी नाक्यावर अडकले, दंड त्यांनी भरला आणि मालकाचा फोन बंद. स्वतःची आणत असाल तर घाट चढण्याआधी डिचोली, वाळपई, सांगे किंवा काणकोणातल्या चावडीला टाकी भरा.

शिगम्यात रस्ते बंद असतात का?

शहरांत मिरवणुकीच्या संध्याकाळी असतात. चारच्या आत पणजी, फोंडा, मडगाव ओलांडा, नाहीतर गाडी लावून मिरवणूक बघा. रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणारा मेळ, सुरू झाला की कोणीच कुठे पोचत नाही. सत्तरी-डिचोलीत घोडेमोडणी असेल तर जरूर थांबा. कमरेला लाकडी घोडा बांधून भर उन्हात नाचणारे ते लोक आपल्यापेक्षा जास्त दमसास ठेवून असतात.

खाणीतल्या निळ्या तळ्यांत पोहता येईल?

नाही. डिचोली-सांग्याकडे बंद खाणींचे खंदक पाण्याने भरले आहेत. कडा ठिसूळ, खोली अचानक, आणि वर यायला पायरी नाही. इथली पोरेही त्यात बुडाली आहेत.

शूज कोणते?

खोल दात नकोत, ते चिखलासाठी. जांभ्यावर जाड तळ आणि पुढे टणक टोपण हवे. नवे कोरे घालून येऊ नका.

नेटवर्क आणि इस्पितळ?

नेत्रावळी, सुर्ला, खोतीगाव या बाजूला फोन बराच वेळ मुका असतो. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि किती वाजता परत येणार ते यजमानांना सांगून निघा. रुग्णवाहिकेला १०८, बाकी कशालाही ११२. मोठे सरकारी इस्पितळ बांबोळीला, दक्षिणेत मडगावला.

गावातून पळताना कुत्रे मागे लागतात. काय करावे?

पळायचे थांबा आणि चालायला लागा, नव्वद टक्के काम तिथेच होते. नाहीतर सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येईपर्यंत थांबा आणि त्याच्याबरोबर गाव पार करा. कुत्री त्याला ओळखतात. जाता जाता त्याच्याकडून चार पोई (गोव्याचे पाव) घेऊन ठेवा, गरम असतात.